मदत हवी आहे: बाबांचं फुप्फुसाचं ऑपरेशन, औषधं आणि ऑक्सिजन

नमस्कार मंडळी. बाबांच्या (वय ६८) उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढायचाय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या की दोन मार्गांची एक खास नळी घालून उजवं फुप्फुस बंद ठेवणार आणि सगळा श्वास डाव्यावर चालवणार, त्या वेळात रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतोच, ९० टक्क्यांच्या वर राहिला तर चालतं. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीये.

घरी येऊन वाचत बसले. बंद फुप्फुसात हवा नसली तरी रक्त जात राहतं आणि ऑक्सिजन न घेताच परत येतं, म्हणून शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळून घेतं. सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे भुलीचे गॅस जास्त प्रमाणात गेले की ते आवळणं ढिलं पडतं आणि ऑक्सिजन आणखी उतरू शकतो, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीन या औषधानेही पडतं, भुलीसाठी शिरेतून देतात त्या प्रोपोफॉलने फारसं नाही. आता बाबा बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेतात, तीसुद्धा रक्तवाहिन्या सैल करणारीच गोळी ना? मग त्या दिवशी सकाळी द्यायची का नाही?

पण खरी धास्ती नंतरच्या रात्रीची आहे. आधी एकदा हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखतंय म्हणून रात्री मॉर्फिन (दुखणं थांबवणारं जोरकस औषध) दिलं, आणि बाबा झोपेसाठी रोज अल्प्राझोलाम घेतात हे केसपेपरवर आलंच नव्हतं, त्यांनी ती सवयीने आपली आपण घेऊन टाकली. दोन्हींनी श्वास मंदावतो. मी शेजारी बसून श्वास मोजत होते, मिनिटाला सात. हाक मारली की एक मोठा श्वास घ्यायचे आणि परत गप्प, बोटावरच्या क्लिपवर ऑक्सिजन ८४. सिस्टरांनी पळत येऊन ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी नॅलोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं औषध) दिलं तेव्हा कुठे डोळे उघडले. मास्क लावल्यावर आकडा चांगला दिसतो पण श्वास मंदच असू शकतो हे तेव्हा कळलं, म्हणून या वेळी मी आकड्यावर विसंबणार नाहीये.

अल्प्राझोलाम एकदम बंद करायची नसते म्हणे, त्यामुळे ती परस्पर थांबवलेली नाही. पाठीतून एपिड्युरल (मणक्याजवळ बधिर करणारं औषध) किंवा बरगड्यांजवळच्या नसांचा ब्लॉक (त्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) दिला तर मॉर्फिन कमी लागतं असं वाचलंय, आणि छातीच्या ऑपरेशननंतर खोकून कफ काढायचा तर दुखणं आटोक्यात हवंच. कुणाच्या घरी असं झालंय का? ब्लॉकने खोकता आलं का, पहिल्या रात्री श्वासावर लक्ष कसं ठेवलं? इथे कुणी भूलतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा, परवा मॅडमची परत भेट आहे, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून नेणारच आहे, आणखी काय काय विचारू?