फ्लूनंतर पायांना मुंग्या, न्यूरॉलॉजिस्ट सुचवा (मुंबई)

मुलुंडकरीण:
ह्यांना (वय ४६, बीपी-शुगर काही नाही) पंधरा दिवसांपूर्वी फ्लू झाला. स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा ए आला, चार दिवसांत ताप उतरला, ऑफिसही सुरू झालं. परवापासून तळपायांना मुंग्या येतायत. काल स्टेशनचा जिना चढताना मधेच कठडा धरून थांबले, पायात जीवच नाही म्हणाले. फॅमिली डॉक्टर म्हणतात तापाचा अशक्तपणा, बी-१२ घ्या. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळतेय. लवकर बघणारं कुणी आहे का?

निवृत्त_सिस्टर:
गुरुवार विसरा, आजच न्या. आयसीयू असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. सरकारी म्हणाल तर तुम्हाला सायन जवळ, नाहीतर केईएम, नायर आहेतच. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते बघा, आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात तेही. आकडे भरपूर आले म्हणून घरी थांबायचं मात्र नाही. फ्लूनंतर दोन-तीन आठवड्यांत असं पायांपासून वर चढायला लागलं की जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) डोक्यात यायलाच हवा. प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. श्वासाचे स्नायू धरले तर व्हेंटिलेटर लागतो.

चहाबाज:
जीबीएस पाण्यातून होतो ना? पुण्यात सिंहगड रोडला झाला तसा?

निवृत्त_सिस्टर:
२०२५ च्या जानेवारीतला ना? तिथे कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा जंतू सापडला होता. निमित्त पोटाचंही असतं, फ्लूचंही.

दादर_पूर्व:
माझ्या वडिलांचं वेगळं झालं. वय ७४, तापाच्या तिसऱ्या दिवशी मला काकांच्या नावाने हाका मारायला लागले. आम्ही म्हटलं वयाचं आहे, नि एक रात्र घालवली. एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूला सूज, निघाला. डेंगी, मलेरिया, सोडियम, एमआरआय, पाठीतलं पाणी, सगळं तपासलं. तापात माणूस बरळायला लागला, झटका आला किंवा तोंड वाकडं झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि फ्लूचं औषध ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी, आमचं उशिरा झालं.

मुलुंडकरीण:
सिस्टर, काल रात्रीच नेलं. उठताना दोन्ही हात टेकावे लागले, आकडे सतरापर्यंतच. तिथल्या डॉक्टर मुलीने गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय उडालाच नाही. जीबीएसच आहे. आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडीज) सुरू केलंय, पाच दिवस. दीर म्हणतात स्टिरॉइड का देत नाहीत?

निवृत्त_सिस्टर:
जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. आयव्हीआयजी नाहीतर प्लाझ्मा बदलणं, दोनच. दिरांना म्हणावं डबा घेऊन या.

चहाबाज:
मग फ्लूची लस घ्यायची की नाही? तिच्यानेही होतो म्हणे.

निवृत्त_सिस्टर:
दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला. फ्लूने होण्याची शक्यता त्याहून जास्त. मुंबईत पावसाळ्यात फ्लू वाढतो, तेव्हा आधीच घ्या. ह्यांच्यापुरतं मात्र न्यूरॉलॉजिस्टना विचारून.

मुलुंडकरीण:
तिसरा डोस झाला. आज एकवीसपर्यंत मोजले.