पाऊस 3000 मिलिमीटर, मग मे महिन्यात टँकर कशाला?

डिचोलीकार:
गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात आमच्या वाड्यावर टँकर येतो. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जमीन पाणी पटकन पिते आणि तितक्याच पटकन ओहोळाला सोडून देते. म्हणून दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही कौलांची पन्हळ विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडली. तळाला दगड, मग खडी, वर वाळू; त्यातून पाणी गाळून जमिनीत मुरतं. 100 चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला 3 लाख लिटर पाणी पडतं. निम्मं वाहून गेलं तरी दीड लाख लिटर उरतं. पूर्वी मेअखेरीस कळशी चिखलाला टेकायची आणि गढूळ पाणी वर यायचं. यंदा ती गळ्यापर्यंत बुडत होती. विहीर असलेल्या प्रत्येक घराला हे सक्तीचं करा, असं माझं ठाम मत आहे.

पर्वरीची गृहिणी:
परसू असलेल्यांना हे बोलणं सोपं आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तिळारी धरणाचा कालवा फुटला की आमचे नळ कोरडे पडतात, आणि मग जो टँकर येतो तो कुठल्यातरी गावची विहीर उपसूनच येतो. विहिरींच्या उपशावर नियंत्रण ठेवणारा गोव्याचा भूजल कायदा 2002 पासून आहे. आधी तो टँकरवाल्यांना लावा, मग सक्ती घरांवर. आणि घरातली काटकसर करतं कोण? तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना नेऊन घालणारी मीच. भाषण देणारे शॉवरखाली.

फोंड्याहून:
वहिनी, टँकरचं पटलं, बाकीचं नाही. 2021 मध्ये महिन्याला 16 हजार लिटर पाणी मोफत द्यायची योजना आली. चौघांच्या घरात माणशी दिवसाला 133 लिटर होतात. घरोघरी नळ देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनचं ग्रामीण माप माणशी दिवसाला 55 लिटरचं आहे. तरी आमच्या घराचा वापर 16 हजारांच्या वर जायचा! शॉवर बंद करून मी आणि दोघे मुलगे बादली-तांब्यावर आलो, तेव्हा कुठे तो खाली आला. विजेचंही तेच. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं, आणि आपली बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. परसात करवंट्या कुजत पडतात, त्यांवर भाणात, म्हणजे न्हाणीच्या हंड्यात, पाणी तापत नाही का?

पर्वरीची गृहिणी:
फ्लॅटमध्ये भाण कुठे पेटवू? आणि धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, तेही सांगा. गच्चीवर सौर हीटर बसवायचा म्हटलं तर कबूल.

डिचोलीकार:
धुराचं खरं आहे, आईचे डोळे त्यातच गेले. पण ताई, तुमच्या इमारतीची गच्ची माझ्या छपरापेक्षा मोठी असणार. तिचं पाणी सध्या जातं कुठे?

पर्वरीची गृहिणी:
पाइपातून थेट रस्त्याच्या गटारात. सोसायटीच्या बैठकीत विषय काढते. पण सोबत मे महिन्यात आलेल्या टँकरांची पावतीपुस्तकंही नेणार, आणि पाणी कुठल्या विहिरीतून आणलं ते विचारणार.