20 लाखांचा दंड समुद्रात की जेटीवर? सागरी मासेमारी कायद्याबद्दल

रापणकर (मालवण तालुका)

हंगाम सरत आला की रात्री जेवून किनाऱ्यावर यावं तर पश्चिमेला एलईडी लावून मासे ओढणाऱ्या बोटींच्या पांढऱ्या दिव्यांची रांग लागलेली असते. पाहुणे त्याचे फोटो काढतात. त्या उजेडाकडे काय ओढलं जातंय ते आम्हाला माहीत असतं: बांगडा, पेडवे, म्हाकूल आणि त्यांच्या मागावर आलेली सुरमई. मग आठ-आठ दिवस रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं) लावली तरी दोरीला हात लावणाऱ्या चाळीस माणसांना वाट्याला कालवणापुरतीही मासळी येत नाही.

ज्यांना कायदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. त्यातला जुना दंड सापडलेल्या मासळीच्या किमतीला बांधलेला होता. मासळी कमी किमतीची असेल तर 5,000 रुपयांपर्यंत, जास्त किमतीची असेल तर किमतीच्या पाचपटीपर्यंत. म्हणजे पंचनाम्यात मासळी किती लिहिली यावर सगळं ठरायचं. सुनावणी तहसीलदारांपुढे. त्यांच्या टेबलावर सातबारापासून निवडणुकीपर्यंतची कामं, त्यात आमची फाईल. 2021 च्या दुरुस्तीने सुनावणी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आली आणि एलईडी दिवे किंवा बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढणं) सापडलं तर दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत झाला. या बदलासाठी पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, बंदरं बंद ठेवली. मी स्वतः त्यात होतो.

आता माझा मुद्दा. दंड वाढला, पण पकडायची जागा बदलली नाही. अजून आपण काळोखात समुद्रावर पाठलाग करतोय. सिंधुदुर्गाचा किनारा 121 किलोमीटर, त्याला पुरेल एवढी गस्त नाही. दोन वर्षांपूर्वी दिवे दिसले म्हणून मी फोन केला, तर नौका दुसऱ्या टोकाला आहे असं उत्तर आलं. पहाटेपर्यंत दिवे तिथेच होते. शिवाय राज्याची हद्द 12 सागरी मैल. बोट तेराव्या मैलावर गेली की राज्याचा अधिकारी हात चोळत बसतो.

पण मासळी शेवटी कुठेतरी उतरवावीच लागते ना? जनरेटर, दिव्यांचे खांब, जाळ्याचा आस (डोळ्याचं माप), परवाना, मासळीची लांबी, हे सगळं जेटीवर उजेडात दिसतं. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली ती नुसत्या वापरावर नाही, बोटीवर दिवे बसवण्यावरही. मग तपासणी बंदरात का नाही? रोज, प्रत्येक मोठ्या जेटीवर, मासळी उतरायच्या वेळेला. माझ्या मते कायद्याचा सगळा जोर तिथे लावला पाहिजे.

मिरकरवाड्याचा बोटवाला

दादा, तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण तुम्ही एलईडीपासून सुरुवात करता आणि लोकांच्या डोक्यात येतो पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायचं आमचं जाळं. हे दोन वेगळे ठेवा. माझी बोट पर्ससीनची आहे, पण तिच्यावर दिवे नाहीत. कुणी बसवत असेल तर त्याचा परवाना कायमचा काढा, मी सही द्यायला येतो.

पर्ससीनवर 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश आला. परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचे, हंगाम फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै सगळ्याच यांत्रिक बोटींना आहे. ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी आम्ही बांधलेले, आणि जानेवारी ते मे पुन्हा बांधलेले. वर्षातून चार महिने चालणाऱ्या बोटीवर तीस-तीस माणसं, बर्फ, डिझेल, बँकेचा हप्ता बारा महिन्यांचा. सप्टेंबरमध्ये वादळी हवा असली की तेही दिवस जातात.

तमिळनाडूच्या पर्ससीनवाल्यांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये 12 मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस जायला अंतरिम परवानगी दिली. मग आम्हाला राज्याच्या हद्दीबाहेरही जानेवारीपासून का अडवायचं? बांगडा काही मालवणचा किंवा रत्नागिरीचा नाही. आमच्या जाळ्यात आला नाही तर कर्नाटकातल्या मलप्याच्या हायस्पीड ट्रॉलरच्या (जाळं मागे ओढत नेणाऱ्या बोटीच्या) जाळ्यात जातो. त्यांना कोण विचारतं? तुमच्या जेटीवर ते मासळी उतरवतच नाहीत.

दर्यावर्दी_देवगड

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार 2019 मध्ये राज्यात समुद्रातून 2.01 लाख टन मासळी उतरली, 45 वर्षांतली सर्वात कमी. त्याच्या आदल्या वर्षी 2.95 लाख टन होती. बोटी वाढल्या, इंजिनं वाढली आणि मासळी घटली. बोटीचा हप्ता फेडायला समुद्राने किती द्यायचं?

मिरकरवाड्याचा बोटवाला

2019 चा आकडा देताना त्या वर्षीची वादळंही सांगा. ऑक्टोबरच्या शेवटी क्यार, लगेच नोव्हेंबरमध्ये महा. ऐन हंगामात बोटी बंदरात होत्या. एका वर्षाच्या आकड्यावर एका धंद्याला फाशी देऊ नका.

दर्यावर्दी_देवगड

वादळाचं मान्य. एका वर्षावर निकाल नको, हेही मान्य. पण माझ्या वडिलांच्या वहीत तारलीचे आणि बांगड्याचे जे दिवस लिहिलेले आहेत ते मला कुठल्याच वर्षी दिसलेले नाहीत, वादळ असो वा नसो.

बंदरावरची

भाऊंनू, तुमी बोटीचा बोलतास, माझा पण आयका. पाटी घेवन पहाटे बंदरार जातंय, लिलावात जा गावता ता घेतंय. राज्यान 2023 सालात 54 जातीच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवल्यानी. बरा केला. बारको सरंगो इकूक माका पण बरा वाटणा नाय, उद्या त्येचोच मोठो झालो असतो. पण साहेब पट्टी घेवन बंदरार इलो तर पयली पाटी कोणाची बघतलो? माझी. ज्या बोटीन टनाटनान बारकी मासळी फिशमीलच्या (मासळीची पूड करतत त्या कारखान्याच्या) गाडयेत भरल्यान ती गाडी तोपर्यंत घाट चढान गेलेली असतली. रापणकर दादा, तुमची जेटीवरची तपासणी आमच्या पाटयेर येवची नाय ह्याची खात्री कोण देतलो?

रापणकर (मालवण तालुका)

ताई, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. तुमचं म्हणणं बरोबर आहे. तपासणी बोटीच्या तोंडाशी आणि फिशमीलच्या गाडीशी झाली पाहिजे, लिलाव झाल्यावर पाटीशी नव्हे. विकणारीला माहीतच नसतं मासळी कुठल्या जाळ्यातली आहे. हे नियमातच लिहून घ्यायला हवं, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

कासवांच्या वाटेवर (दापोली)

मी कासवांचं काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने बोलते. ऑलिव्ह रिडले किनाऱ्यावर अंडी घालायला येते तेव्हा आपण तिला वाचवतो. वेळासला 2002 पासून गावकऱ्यांनी हे काम उभं केलं, मग अंजर्ले आणि कितीतरी गावं जोडली गेली. ओडिशात गहिरमाथ्याला टॅग लावलेली मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली, एवढा मोठा पल्ला ती पोहून आली. पण कासव श्वास घ्यायला वर येतं. ट्रॉलच्या जाळ्यात तासन्‌तास अडकलं की गुदमरून मरतं. किनाऱ्यावर वाहून आलेली मोठी मादी मी मोजते तेव्हा मला घरट्यांचा आनंद होत नाही.

2021 च्या दुरुस्तीत जाळ्याला कासव बाहेर पडायची वाट ठेवली नाही तर दंड आहे. अमेरिकेने 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलंय तेही याच कारणाने. तरी मला वाटतं दंडाने जेवढं होतं त्याहून जास्त 2018 च्या एका योजनेने झालं. जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी (व्हेल शार्क) अडकली आणि मच्छीमाराने जाळं कापून तिला सोडलं, त्याचे फोटो किंवा व्हिडिओ दिले, तर राज्य 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यानंतर मला खलाशांचे फोन यायला लागले. आधी तेच लोक कासव सापडल्याचं लपवायचे, कारण वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला प्राणी म्हणजे पोलीस आणि वनखातं असं त्यांच्या डोक्यात होतं. रापणकर दादा, तुम्ही नुसत्या दंडाची जागा बदलायला सांगताय. माझं म्हणणं, चांगलं वागणाऱ्याच्या पदरात आधी काही पडू द्या. भरपाई एका महिन्यात मिळाली तर पुढचं कासव जिवंत सुटेल. ती वर्षभर लटकली तर पुढच्या वेळी कुणी फोन करणार नाही.

निवतीकर

कायदा म्हटलं की आमच्याकडे 1987 आठवतं. त्या वर्षी मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचे खडक, प्रवाळ वाचावेत म्हणून. हेतू चांगला होता. पण मच्छीमाराला विश्वासात न घेता जाहीर केलेली रेषा पाण्यावर टिकत नाही. आज तिथे स्कूबाच्या होड्यांचे नांगर प्रवाळावर पडतात आणि अभयारण्याची हद्द कुठून कुठे हे निम्म्या लोकांना माहीत नाही. नवा कायदाही त्याच वाटेने जाईल, जर बंदराबंदरांत बसून लोकांशी बोलणं झालं नाही.

खलाशाचा मुलगा

मी साखरी नाट्याचा. बाप पर्ससीनवर होता, आता गुडघे गेलेत. रत्नागिरीच्या बोटींवर आज बरीच पोरं नेपाळची आहेत. त्यांच्या वतीने इथे लिहिणारं कुणी नाही म्हणून लिहितोय.

5 ते 20 लाखांचा दंड बोटमालकाला होतो असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात बोटीचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. डिझेल, बर्फ, रेशन वजा, मग मालकाचा वाटा, मग आमचा. दंड भरावा लागला की तो खर्चात बसतो आणि खलाशाचा वाटा आपोआप कमी होतो. आगाऊ उचल घेतलेली असते, म्हणून सोडूनही जाता येत नाही. रात्री दिवे लावायचे की नाही हे जाळं ओढणारा ठरवत नाही. कायद्यात एक ओळ हवी की दंड हा बोटमालकाने स्वतः भरायचा आणि तो हिशेबात खलाशांच्या वाट्याला लावायचा नाही. ती ओळ जोपर्यंत नाही तोपर्यंत 20 चे 40 लाख केलेत तरी मालक दिवे लावेल.

मिरकरवाड्याचा बोटवाला

सगळे मालक तसे नाहीत.

खलाशाचा मुलगा

मान्य, काका. माझ्या बापाचा मालक चांगला होता. पण कायदा चांगल्या मालकासाठी लिहीत नाहीत.

रापणकर (मालवण तालुका)

काल रात्री सगळ्यांचं पुन्हा वाचलं. माझं मत थोडं बदललंय, थोडं नाही.

बदललंय ते असं. खलाशाच्या वाट्याचा मुद्दा मी कधी ऐकलाच नव्हता. आमच्या रापणीत जाळ्यात शेअर असणारा आणि दोरी ओढणारा पुष्कळदा एकच असतो, म्हणून तो डोक्यात आला नाही. दंड मालकाच्या परवान्याला लागला पाहिजे, पैशाला कमी आणि परवान्याला जास्त. एलईडी दोनदा सापडली की परवाना रद्द. परवाना गेला तर तो कुणाच्या वाट्यातून कापता येत नाही. आणि भरपाईच्या बाबतीत दापोलीच्या ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या रापणीतही कासव येतं, आम्ही सोडतो, आजवर अर्ज करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

न बदललेलं म्हणजे पर्ससीनचा हंगाम. बोटवाले काका, तुम्ही तमिळनाडूचा निकाल दिलात, तो पुरा द्या. सोमवार आणि गुरुवार असे दोनच दिवस, सकाळी 8 ला निघून संध्याकाळी 6 ला परत, आणि बोटीवर ट्रॅकर सक्तीचा. या अटींवर तुम्ही तयार आहात का? राज्यात ट्रान्सपाँडर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) फुकट बसवून मिळतायत, ते चोवीस तास चालू ठेवायला किती बोटी तयार आहेत? ते चालू असेल तर 12 मैलांच्या आत कोण आलं ते जेटीवर स्क्रीनवर दिसेल, रात्रीचा पाठलाग नको. मलप्याच्या ट्रॉलरचं तुमचं बरोबर आहे. तो आमच्या जेटीवर येत नाही. तिथे तटरक्षक दल आणि केंद्राशिवाय पर्याय नाही, हे मी लिहायला हवं होतं.

पण 1981 चा कायदा वाचा. त्यात राज्याने नियम करताना काय बघायचं ते लिहिलंय. पहिलीच गोष्ट, मासेमारी करणाऱ्या वेगवेगळ्या लोकांचं हित, विशेषतः साध्या होडीने आणि पारंपरिक साधनाने मासेमारी करणाऱ्यांचं. मोठ्या बोटीचा हप्ता त्यात कुठे नाही. तुमचा हप्ता मला कळतो, माझ्याही घरात कर्ज आहे. तरीही 31 डिसेंबरनंतर तुमचं जाळं आमच्यासमोरच्या पाण्यात नको, हे मी आज लिहितोय आणि उद्या तुमच्यासमोर बसूनही सांगेन.

मिरकरवाड्याचा बोटवाला

ट्रान्सपाँडर माझ्या बोटीवर आहे आणि चालू असतो. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, 12 मैलांपलीकडे, हे लेखी मिळालं तर मी आज सही करतो. 31 डिसेंबर मान्य नाही. खलाशांच्या वाट्याची ओळ कायद्यात घालायला माझी हरकत नाही, माझ्या हिशेबात ती आधीपासूनच आहे.

बंदरावरची

आणि पाटयेचा? ता कोणी लिवणा नाय अजून.

रापणकर (मालवण तालुका)

ताई, निवेदनाचा मसुदा करतोय. तुमचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घेतलाय: तपासणी बोट आणि फिशमीलची गाडी इथेच, लिलावानंतरच्या पाटीला हात नाही. दुसरा खलाशाच्या वाट्याचा, तिसरा जाळं कापल्याची भरपाई महिन्याभरात. पर्ससीनच्या हंगामाबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहितो, एकमत झालं असं खोटं लिहिणार नाही. रविवारी मालवण बंदरावर चार वाजता वाचून दाखवेन. बोटवाले काका, तुम्हीही या.