निलगिरीवरून निलगिरी काढावी का?

पाणवठा : ज्या झाडाला आपण मराठीत निलगिरी म्हणतो, ते मुळात निलगिरी पर्वताचे नाही, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते ऑस्ट्रेलियातून आणले आणि त्याच खंडातील वॅटल हे बाभळीच्या जातकुळीचे झाडही सरपणासाठी व कातडे कमावण्याच्या सालीसाठी लावले. सुमारे 2000 मीटर उंचीवरच्या त्या पठारांवर पूर्वी गवत होते आणि घळींत शोला नावाची बुटकी सदाहरित वने होती. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाबाहेर जगात कोठेही रानात न आढळणारा संकटग्रस्त निलगिरी ताहर हा रानबकऱ्यासारखा प्राणी याच गवतावर चरतो. तमिळनाडूत 2025 च्या गणनेत ते 1303 भरले. पाण्याचा हिशेब तर अधिक स्पष्ट आहे. निलगिरी पर्वतातील ग्लेनमॉर्गन येथे शेजारशेजारच्या दोन पाणलोटांची तुलना केली असता, निलगिरी लावलेल्या पाणलोटातून वाहणारे पाणी पहिल्या 10 वर्षांत सुमारे 16 टक्क्यांनी आणि कापणीनंतर फुटव्यांतून वाढलेल्या दुसऱ्या फेरीत सुमारे 25 टक्क्यांनी घटले. भवानी नदी याच डोंगरात उगम पावून कावेरीला मिळते, म्हणून ही परकी झाडे काढावीत, असे माझे मत आहे.

सावली : आपले आकडे मान्य आहेत, उपाय मान्य नाही. वॅटलचे बी मातीत कित्येक दशके जिवंत राहते आणि झाड तोडून ऊन पोहोचले की रोपांचे रान माजते. शिवाय दोन्ही मोसमी पावसांच्या माऱ्यात उतार उघडा पडला, तर आपले स्वच्छ पाणी गढूळ होऊन खाली येईल. जुन्या वॅटलच्या सावलीत शोलाची रोपे आपोआप रुजलेली दिसतात, तेथे कुऱ्हाड चालवणे हा उतावीळपणा आहे.

पाणवठा : जुन्या लागवडीपुरते आपले म्हणणे मी स्वीकारतो. परंतु सावलीत शोला येईल, गवत येणार नाही, आणि ताहरला मोकळी कुरणे व जवळ पळून जाण्यासाठी कडे लागतात. निलगिरी पर्वतातील तोडा या पशुपालक आदिवासी लोकांच्या म्हशींचेही तेच आहे. त्यांच्या देवळांचे छप्पर ज्या गवताने शाकारतात, ते झाडांखाली उगवत नाही.

टेकडीकर : पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड लावून आपणही हेच केले, कारण गवत म्हणजे पडीक जमीन हा समज सरकारी कागदांत पक्का बसलेला आहे. (वृक्षारोपणाचे छायाचित्र निघते, गवताचे कोण काढणार?) मात्र एक व्यावहारिक शंका आहे: तोडणीचे लाकूड विकले जाते, पुढची 10 वर्षे रोपे उपटण्याची मजुरी कोण देणार?

सावली : माझा विरोध नेमका येथेच आहे. त्या मजुरीची तरतूद आधी झाली, आणि गवतात नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या वॅटलपासून सुरुवात करून दाट जुनी लागवड शेवटी घेतली, तर मी विरोध मागे घेईन. सरसकट तोडणीच्या निविदेला मात्र नाही.