कांद्याच्या लागणीत आईची कंबर धरली, पट्टा आणि गोळ्या चालू आहेत पण फरक नाही

पारनेरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आई ५३ वर्षांची, घरची तीन एकर शेती. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी कांद्याची लागण सुरू झाली की घरचं उरकून ती सावडीनं (आज तुझ्या रानात, उद्या माझ्या) दुसऱ्यांच्या रानात पण जाते. आधी रात्री शेकलं की सकाळी मोकळी व्हायची, आता सकाळीच उठवत नाही, भिंत धरून उठते, मग चालून-फिरून जरा बरं. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, त्याचा असर दोन दिवस राहिला आणि परत येरे माझ्या मागल्या. मेडिकलमधून गोळी आणून खाते आणि पट्टा बांधून परत लागणीला. वडील म्हणतात वय झालं आता. मला ते पटत नाही, तिच्या टोळीतल्या तिशीच्या बाया पण हेच रडगाणं सांगतात. काय करावं? काम बंद कर म्हणायची सोय नाही, हे आधीच सांगतो.

रानातली_ताई:
दादा वयाचं काही नाही, मी स्वतः लागणीला जाते म्हणून सांगते (बोलून टाईप करतेय चुकलं तर समजून घ्या). काम उक्तं असतं ना, एकरावर पैसे, मग जेवढं लवकर उरकेल तेवढी मजुरी पडते आणि पुढची चपळ बाई जशी सरकते तसं सगळ्यांनी सरकायचं, मधेच कंबर सरळ करायला उभं राहिलं की लगेच कोणतरी बोलतंच काय ग थकलीस का. गुडघे ताठ, कमरेतून पार वाकून, एका हातात रोपाची जुडी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चिखलात दाबायचं, अंगठा पण रात्री ठणकतो ते कोणी विचारतच नाही. आमच्या टोळीत आता दोघी-तिघी रोपं उपटून जुड्या बांधायला बसतात, बाकीच्या लावतात, आणि जेवणानंतर अदलाबदल. तेवढ्यानं सुद्धा फरक पडतो बघा. आणि वाकायचं काम कायम बायांचंच आणि मजुरी पण बायांचीच कमी, हे एक राहिलंच.

तालुक्याचा_फिजिओ:
ताईंनी बरोब्बर सांगितलंय. १५ बाय १० सेंटिमीटरवर रोप लावलं तर एकरात अडीच लाखाच्या वर रोपं बसतात, म्हणजे हिशोब करा किती वेळा तो अंगठा दाबला जातो. माणूस पूर्ण वाकून राहिला की पाठीचे स्नायू थोड्या वेळात काम सोडतात आणि सगळा ताण मणक्याच्या दोऱ्यांवर (लिगामेंट) आणि दोन मणक्यांमधल्या गादीवर जातो. तास-दोन तास तसंच राहिल्यावर झटक्यात उठून गोणी उचलली की लचक भरते, ती याचमुळे. म्हणून वाफ्याचं टोक आलं की सरळ उभं राहून कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे वाकायचं. अर्धा मिनिट लागतो. कोणी हसलं तर हसू द्या.

दुसरं म्हणजे सकाळ. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्याच्या गादीत पाणी भरून ती फुगलेली असते, त्यामुळे उठल्यावरचा पहिला तास वाकायला सगळ्यात वाईट. आणि आपल्याकडे बाई उठते ती थेट केरसुणी घेऊन अंगण झाडायला, मग शेण, मग हंडा! लांब दांड्याचा झाडू आणून द्या आणि वाकायची कामं थोडी मागे ढकला, नाहीतर वडिलांना सांगा, अंगण त्यांनाही झाडता येतं.

पट्टा ओझं उचलताना ठीक, दिवसभर नको. गोळ्यांचं मात्र सिरीयसली घ्या. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी उपाशीपोटी, वर ऊन, आणि रानात आडोसा नाही म्हणून बाया मुद्दाम पाणीच पीत नाहीत, यात किडनीची वाट लागते. बीपी असेल तर आणखीनच. इंजेक्शनात स्टेरॉइड होतं का ते पण विचारा.

औत_आणि_आय_टी:
आम्ही पेरणी कांद्याकडे वळलो. उळं (रोपांसाठी बी) टाकायचं नाही, लागण नाही, सरळ यंत्रानं बी पेरायचं. वाकणं संपलं असं मात्र समजू नका, बी दाट पडलं की विरळणी आलीच, तण पण जास्त. खुरपणीला कमरेला बांधायची फोमची सीट मिळते ऑनलाईन, माझी काकू आधी लाजत होती, आता ती धुवायला पण काढू देत नाही 😄 उकिडवं बसून गुडघे जातात त्यांना तर घ्याच. सऱ्यांच्या पिकात सायकल कोळपं (चाकावर ढकलायचं तण काढायचं अवजार) वापरा, उभ्यानं काम होतं. आणि कांदा साठवायची चाळ भरताना पाटी अर्धीच भरा, खेपा वाढल्या तर वाढू द्या.

बालाघाटचा_वारा:
एक सांगून ठेवतो, आमच्या बीडकडं ऊसतोडीच्या बाया कंबर नि ओटीपोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेल्या की गर्भपिशवी काढा म्हणून सांगायचे, २०१९ ला एवढं गाजलं की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशय पण काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणजे दुखणं वाढलंच. आणि ऑपरेशननंतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं ते परत तसंच. आईला कोणी असं काही सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

पारनेरचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. आत्ताच फोनवर विचारलं, गोळी रोज दोन घेते म्हणाली, मला एकच सांगितली होती. आणि डाव्या पायाला पोटरीपर्यंत मुंग्या येतात म्हणे. एमआरआय करून घेऊ का लगेच?

तालुक्याचा_फिजिओ:
एमआरआयची घाई नको, आधी हाडांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, नुसत्या मुंग्या बऱ्याच वेळा व्यायामानं आणि कामात बदल करून कमी होतात. तिला टाचेवर चालायला सांगा, पंजा उचलत नसेल तर मात्र उद्याच न्या. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर रात्र असली तरी थांबायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला. किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी याच आठवड्यात करा, आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नाव विचारलं की पेशंट नुसतं “लाल गोळी” सांगतात.