जुन्या गावात जाऊन आलात का? किल्लारी भूकंपातल्या गावांबद्दल सोलापूरकरांचे अनुभव

१९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबादकडची (आता धाराशिव) बरीच कुटुंबं सोलापुरात आली. कुणी मावशीकडे राहायला, कुणी यंत्रमागावर कामाला, कुणी शिकायला. यातली कितीतरी माणसं अधूनमधून जुन्या गावठाणात जाऊन येतात आणि घरी आल्यावर त्यावर चकार शब्द काढत नाहीत. म्हणून हा धागा. काय बघितलं, लेकरांना काय सांगितलं, घरातलं कोण यायला तयार झालं नाही, ते लिहा. भूकंपाची बातमी सगळ्यांना ठाऊक आहे, ती परत नको. गावाचं नाव लिहायचं नसेल तर राहू द्या, मीही लिहीत नाही.

सुरुवात माझ्यापासून करते.

तेरणेच्या काठचं एक गाव आईचं माहेर. दिवाळीनंतर गेलो, कारण पावसाळ्यात तिथं वेड्या बाभळी आणि गवत इतकं माजतं की पाय ठेवायची सोय नसते. आई, मामा, भावाची दोन पोरं आणि गाडी चालवायला आमचे हे. नळदुर्ग, जळकोट मागे टाकून लोहाऱ्याकडे वळलो, तोवर आई आणि मामा गप्पच होते. गावठाणात उतरले आणि भांडायलाच लागले.

आईचं म्हणणं, आपली ढाळज (दाराजवळची बसायची जागा) इथं होती. मामा म्हणाला, “आक्का, तू लगीन होऊन गेलीस. शेवटपर्यंत तिथं मी राहिलाव.” मग मामा मारुतीच्या पारापासून चालत निघाला. पाटलाचा वाडा, मग बोळ, मग कुंभाराचं घर, मग आपलं, असं मोठ्यानं म्हणत. आई नदीकडून आली, कारण पाण्याची घागर घेऊन ती रोज त्याच वाटेनं यायची. दोघं थांबले त्या दोन जागांमध्ये चांगलं अंतर होतं आणि कुणी मागं हटायला तयार नाही. शेवटी नारळ फोडून एक भक्कल इथं ठेवली, एक तिथं. दोन्हीकडं हळदीकुंकू. भाच्यानं मोबाईलवर दोन्ही जागा खुणा करून ठेवल्या, एकाला नाव दिलं ‘आजीचं घर’, दुसऱ्याला ‘मामाआजोबांचं घर’.

आजी आणि लहान मामी त्या रात्री तिथंच गेल्या. त्यावर त्या दिवशी कुणी एक शब्द बोललं नाही. सगळं बोलणं दारं कुठं होती, चूल कोणत्या भिंतीला होती, बळद (धान्याची कोठी) कुठं होतं याचंच. तुमच्याकडेही असंच होतं का, हे मला विचारायचं आहे.

निवृत्त परिचारिका, विजापूर रोड

मी त्या भागातली नाही, पण लिहिते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. सोलापुरातही विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ४ वाजायच्या आत मांडणीतली भांडी वाजली आणि आम्ही अंगणात आलो. कुठं काय झालंय ते कळायला वेळ लागला. मग ट्रक, जीप, एसटी, मिळेल त्या वाहनातून माणसं यायला लागली. डोळ्यांत, कानांत, तोंडात माती. जखम धुण्याआधी माती काढावी लागायची.

माझ्या वॉर्डात एक नवी नवरी होती, मांडीचं हाड मोडलेली. पुढे ओळख राहिली, राखी-दिवाळी चालू राहिली. काही वर्षांनी तिनं मला गाव दाखवायला नेलं. नवरा बरोबर. मला वाटलं, रडेल. तिनं काठीनं झुडूप बाजूला केलं आणि म्हणाली, “सिस्टर, इथनं काढलं मला. सासूबाई वरनं वरडत होत्या, मंगळसूत्र हाय का बघा तिचं.” नवरा म्हणाला, “मंगळसूत्र सापडलं म्हणूनच ठेवून घेतली.” दोघं हसत सुटले. मी मात्र गाडीत जाऊन बसले.

टॉवेल कारखाना, अशोक चौकाजवळ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे बोलणं पाण्याचं होतं.

मी चौथीत होतो. आई आणि धाकटी बहीण गेली. मला मावशीनं सोलापुरात आणलं. वडील काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, मग नव्या गावात घर मिळालं, मग तेही इकडं आले. ते परत जुन्या गावठाणात कधी गेले नाहीत. नवं गाव चालतं, शेत चालतं, पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणात, पाय टाकत नाहीत. विचारलं की म्हणायचे, “काय हाय तिथं? दगडं.”

माझी मुलगी सातवीत गेली. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात भूकंपाचा धडा. तिनं हट्ट धरला. बायको, मुलगी आणि मी निघालो. वडील दारापर्यंत आले आणि म्हणाले, “आड बघून ये आपला. आत वाकू नको, काठ ढासळलेला असंल. खडा टाकून बघ.” बास, इतकंच.

आड सापडायला फार त्रास झाला नाही, कारण त्याच्या कडेला उंबर आहे. बाकी घर म्हणजे दगडांचा ढीग, त्यावर सीताफळाची झाडं. मुलीनं विचारलं, “माझी आजी कुठं झोपली होती?” मला सांगता आलं नाही. मला फक्त साणं आठवतं. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्यातून सकाळी उन्हाचा ठिपका माझ्या अंथरुणावर यायचा. घराची दिशा मी त्यावरूनच ओळखली. ऊन कुठून येईल, तर इकडून, म्हणजे माझं अंथरूण तिथं. आईचं माझ्या पलीकडे. मुलीला जागा दाखवली.

खडा टाकला. लगेच डुबुक्क. पाणी भरपूर. उपसणारं कुणी नाही, शिवाय खाली माकणीचं धरण. तिथूनच वडिलांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग विचारलं, “किती हातावर हाय?” अंदाजे सांगितलं. “उंबर हाय का?” आहे म्हटलं. “शेजारच्या रानात काय पेरलंय?” सोयाबीन होतं, काढून झालेलं. मग म्हणाले, “तिथं मोटर टाकली तर खालचं रान भिजंल की रं.” पुढे दोन दिवस पाईप किती लागेल याचाच हिशोब. आईचं नाव नाही.

विद्यापीठात शिकणारा, मूळचा उमरगा तालुका

थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुम्ही सगळे ‘ओसाड गाव’ म्हणता. आमच्यासाठी ते ओसाड नाही. आमचं रान जुन्या गावाला लागून आहे. घरं लांब नेली, जमिनी कुठं जाणार? मी लहानपणापासून रोज तिथून जातो. शेरडं तिथं चरतात. गावठाणची पांढरी माती ट्रॉली भरून रानात टाकतात, पीक जोमात येतं. माझ्या आजोबांच्या घराची भिंत आता आमच्या हरभऱ्यात आहे, असं वडील म्हणतात आणि ते खरंच आहे.

व्हिडिओ काढणारी पोरं येतात, ‘भुताचं गाव’ म्हणून नाव देतात. रात्री टॉर्च मारत फिरतात. एकदा माझ्या चुलत्यानं विळा घेऊन विचारलं, कुणाचं भूत पाहिजे, नाव सांग, मी ओळखतो सगळ्यांना.

मी भूकंपानंतर जन्मलो. माझ्याकडे भूकंपग्रस्ताचा दाखला आहे, नोकरीत २ टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखून ठेवलेल्या जागा. होस्टेलवर मित्र चेष्टा करतात, तुझा जन्म कधीचा आणि तू ग्रस्त कसला. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्यांना म्हणावं, माझ्याशेजारी येऊन राहा. कारण तिला शेजारच उरला नाही. घरं जमिनीप्रमाणे दिली. भूमिहीन आणि थोडक्या रानवाल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. सारख्या मापाची घरं एका ठिकाणी आली. त्यामुळे जुनी गल्ली फुटली. आजीची जिवाभावाची मैत्रीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. रस्ते ऐसपैस, पण दारातून हाक मारली तर पोचत नाही. दोघी आता रानात भेटतात. म्हणजे जुन्या गावातच.

निवृत्त अभियंता, जुळे सोलापूर

पुनर्वसनाच्या कामावर होतो, सरकारी नोकरीत. मुलगा आर्किटेक्चर शिकत असताना त्याला मुद्दाम घेऊन गेलो. पुस्तकात नसलेलं तिथं उघडं पडलेलं आहे, भिंतीचं पोट दिसतं.

६.२ तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं का गेली? सरकारी आकडाच ८ हजारांच्या आसपास आहे. एक तर केंद्र उथळ. दुसरं, वेळ पहाटे ३.५६ ची, सगळे आत झोपलेले. तिसरं मुलाला हातानं दाखवलं. दोन-अडीच फूट, कुठं त्याहून जाड भिंत. बाहेरचं तोंड सुबक दगडाचं, आतलंही. मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही तोंडांना एकत्र धरणारा आडवा लांब दगडच नाही. हलली की दोन्ही तोंडं दोन दिशांना फुगून सुटतात. वर धाब्याची माती. गळू नये म्हणून दरवर्षी थर, वडिलांनी टाकला, आजोबांनी टाकला होता. ते सगळं वजन खाली आलं. पण ज्या घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांवर नीट पेललेलं होतं, तिथं भिंती पडूनही छत उभं राहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या घरांतली माणसं वाचली.

लोकांनी दोष दगडाला दिला. नवं घर दगडाचं नको म्हणून अडून बसले, आणि त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण दगडाचं घरही नीट बांधता येतं, त्याला भिंतींभोवती सलग आडवा पट्टा घालावा लागतो, कोपरे बांधावे लागतात. ५२ गावं उचलून नवी वसवली, चौकोनी आखणी, सरळ रस्ते. वरच्या मुलाच्या आजीचं म्हणणं मी तेव्हा बैठकांत ऐकलं होतं, बायकांकडूनच. नकाशा बदलला नाही.

आणखी एक. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीला धक्के बसत होते. ऑक्टोबरमध्ये चांगले जोराचे बसले. लोक बाहेर झोपत होते. नंतर धक्के थांबले आणि माणसं आत गेली. किती दिवस बाहेर झोपणार? मुलानं विचारलं, मग त्यांना कुणी सांगितलं नाही का? या प्रश्नावर गाडीत आमचं चांगलंच वाजलं.

बाळीवेस, गृहिणी

आम्ही गेलो नाही, भाकरी गेली. आमच्या गल्लीत बायकांनी दिवसभर भाकऱ्या थापल्या, शेंगाची चटणी कुटली, दीर ट्रकबरोबर गेला. तो सांगायचा, पाऊस थांबत नव्हता आणि सरणाला लाकूड पुरत नव्हतं. घराच्याच तुळया, घराचीच दारं लावली. म्हणून विचारते, वर सगळे दार कुठं होतं ते शोधतायत, चौकट कुणाला मिळाली का हो? दीर म्हणतो, मिळणार नाही.

नाव देत नाही

लहान मुलांना नेऊ नका. माझ्या मुलाला नेलं, तो परत आल्यावर कितीतरी महिने घराच्या आतल्या खोलीत झोपायचा नाही. त्याला हे दाखवायची घाई मला नव्हती, माझ्या सासऱ्यांना होती. त्यांचं दुःख खरं आहे, पण ते सहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर कशाला?

*(धागाकर्ती: पटतंय. आमची दोन्ही पोरं मोठी होती, म्हणून सोपं गेलं असावं. तरी मामानं त्यांना फक्त दारं दाखवली, बाकी काही सांगितलं नाही, ते बरं केलं.)*

होटगी रोड, किराणा दुकान

३० सप्टेंबरला जाणाऱ्यांसाठी: किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी सकाळी श्रद्धांजली असते, मानवंदना असते, पुढारी असतात, गर्दी असते. शांतपणे आपलं घर शोधायचं असेल तर त्या दिवशी नको. हिवाळ्यात जा, पायात बूट घाला, हातात काठी ठेवा. नव्या गावातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर घ्या, ते दहा मिनिटांत जागा दाखवतं.

आमची हकिगत वेगळीच आहे. घरापुढे लिंब होता, तो भूकंपात उभा राहिला. त्याच्याखालीच माझ्या आजोबांनी वाचलेल्या माणसांना बसवलं, मोजलं. इतकी वर्षं आम्ही पाडव्याला त्याचाच पाला आणतो. मागच्या वर्षी गेलो तर चुलत्यांनी फांद्या तोडून नेलेल्या. विचारलं तर म्हणतात, बुंधा आमच्या जोत्याच्या आत येतो. जोतं कुठलं? तिथं एक दगड दुसऱ्यावर नाही! वडील म्हणतात, मधल्या भिंतीच्या आमच्या बाजूला येतो. आता दोघंही भाऊ सत्तरीच्या पुढे आणि दोघांनी मोजणीचा अर्ज करायचं ठरवलंय. त्या पडलेल्या भिंतीचा. आई वैतागून म्हणाली, “ती रात्रभर दोघं मिळून दगडं उपसत होतात, तवा कुणाची भिंत म्हणून इचारलं होतं का?” वडील म्हणाले, “तवा अंधार होता.”

या रविवारी परत जातोय, मोजायला टेप घेऊन. चुलतेही आमच्याच गाडीत येणार आहेत, त्यांची गाडी गॅरेजला आहे.