मदत हवी आहे: वास्तववादातला विवेक ही नीती की नुसता हिशेब?

आंतरराष्ट्रीय राजकारणातला वास्तववाद (राष्ट्रं सत्ता आणि हित बघूनच वागतात, असं मानणारा विचार) म्हणजे नीतीला सुट्टी, असं सरसकट शिकवलं जातं. ते चूक आहे. या विचाराचे प्रमुख अभ्यासक हान्स मॉर्गेंथाऊ यांनी मांडलेल्या वास्तववादाच्या सहा तत्त्वांपैकी चौथं तत्त्व राजकीय कृतीचं नैतिक महत्त्व उघड मान्य करतं. कुठल्याही राष्ट्राने आपल्या आकांक्षांना विश्वाचा नैतिक नियम समजू नये, हे पाचवं.

अडचण चौथ्यापाशी आहे. तिथे पर्यायांचे परिणाम तोलणारा विवेक (prudence) हाच राजकारणातला सर्वोच्च सद्गुण ठरतो. पण परिणाम कुणासाठी तोलायचे? फक्त आपल्या राष्ट्रासाठी, तर तो हिशेब झाला. शत्रूच्या नागरिकांचे जीवही धरले, तर राष्ट्रहिताची कसोटी उरते कुठे? समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची १९१९ची 'जबाबदारीची नीती' परिणामांची जबाबदारी घ्यायला सांगते. पण कुणावरच्या परिणामांची, हे तिथेही मोकळंच राहतं.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने दिलेला मेलोसचा संवाद (इ.स.पू. ४१६) बघा: बलाढ्य अथेन्स छोट्या मेलोस बेटाला शरण यायला सांगतं. अथेन्सचे दूत न्यायाची भाषाच बाद करतात. तेव्हा मेलियन म्हणतात, न्याय जपणं सगळ्यांच्याच हिताचं आहे, उद्या तुमचा पाडाव झाला तर तुम्हालाही तो लागेल. हा युक्तिवाद हिताचा की नीतीचा? मला दोन्ही एकातच गुंतलेले दिसतात, आणि तेच सोडवता येत नाही.

म्हणून नेमकं हवंय ते असं: हिताची असूनही केवळ विवेकापोटी एखादी कृती वर्ज्य ठरवणारा अभिजात (मॉर्गेंथाऊंच्या परंपरेतला) वास्तववादी युक्तिवाद कुणाला माहीत आहे का? 'दीर्घकाळात तोटाच होतो' हे उत्तर नको, त्याने आपण पुन्हा हिशेबावरच येतो.